लिंबाचा वास आहे, आंबटपणा नाही: परसातल्या लेमन बामचं काय करायचं?

पत्र

काकू, नमस्कार. गेल्या ऑक्टोबरात आम्ही जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या गावात तळमजल्याचं घर भाड्याने घेतलं. मागे छोटी बाग आहे. एप्रिलपासून तिथे पुदिन्यासारख्या पानांचं एक झाड जिकडेतिकडे उगवतंय, अगदी फरश्यांच्या फटींतसुद्धा. शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘ही मेलिसे, चहा करून प्या.’ सध्या साताऱ्याहून आई आली आहे. तिने पुदिना समजून वाडगाभर पाल्याची लसूण घालून चटणी केली, ती साबणासारखी लागली. सगळी टाकून द्यावी लागली आणि आईला फार वाईट वाटलं. नवरा म्हणतो, उपटून टाकू. मला उपटवत नाही, वास इतका सुंदर आहे! पण एवढ्या पाल्याचं करू काय? आईला थायरॉइडची गोळी चालू आहे, तिला हा चहा चालेल का? मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याला? आणि ऑगस्टमध्ये आई परत जाईल तेव्हा तिला एखादं रोप देता येईल का?

उत्तर

उपटू नकोस. नवऱ्याला माझं नाव सांग आणि जूनअखेरपर्यंत मुदत माग.

आणि आईंना सांग, चूक त्यांची नाही. मेलिसे म्हणजेच लेमन बाम. तो पाला हातात आला की कुठल्याही मराठी बाईला तो पुदिनाच वाटणार. दोघं एकाच कुळातले. तुळस, सब्जा, मरवा हीसुद्धा त्याच घरातली मंडळी. खोड दोन बोटांत धरून फिरव, ते गोल नाही, चौकोनी लागेल. पानं समोरासमोर जोडीने येतात, कडा करवतीसारख्या, पाठ सुरकुतलेली. दिसणं सगळं पुदिन्याचं. फरक कळतो तो पान चुरगळल्यावर. पुदिना नाकात गार लागतो. लेमन बाममध्ये तो गारवा नाही. पान चुरगळलं की नुकत्या किसलेल्या लिंबाच्या सालीसारखा वास येतो. हीच त्याची खरी ओळख. युरोपातल्या बागांत याच्यासारख्या पानांची आणखी बरीच तणं उगवतात, म्हणून मुलाच्या हातात कात्री देण्याआधी त्याला हे शिकव: चुरगळायचं, हुंगायचं, लिंबाचा वास आला तरच घ्यायचं. वास नाही आला तर ते पान घरात आणायचं नाही.

आम्ही अकरा वर्षं जर्मनीतच, कासेलला होतो. खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, एकट्याच. त्यांच्या जिन्याशेजारी याचं मोठं बेट होतं. त्यांची चहाची पद्धत मी शंभरदा तरी पाहिली असेल. आधी किटली ठेवायच्या. पाणी उकळायला आलं की मगच घरातल्या सपाता घालून कात्री घेऊन बाहेर यायच्या, तीन शेंडे कापायच्या, आत जाऊन मोठ्या कपात टाकायच्या, वर पाणी ओतायच्या आणि लगेच कपावर बशी झाकायच्या. सात-आठ मिनिटं बशीला हात लावायचा नाही. मग बशी उचलून तिच्या खालच्या बाजूला जमलेले थेंब त्या परत कपात झटकायच्या. एकही थेंब ओट्यावर पडू द्यायच्या नाहीत. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, मेलिसे त्या थेंबांत असते, उरलेलं गरम पाणी.

मला त्या वेळी ते म्हातारपणचं वेड वाटलं. पुढे कळलं की त्या अक्षरशः बरोबर होत्या. या पानाचा वास येतो तो सिट्रल आणि सिट्रोनेलाल या द्रव्यांमुळे. सिट्रल म्हणजे आपल्या गवती चहात असतं तेच. फरक एवढाच की गवती चहात ते भरपूर असतं. लेमन बामच्या सुकलेल्या पानात सुगंधी तेल अर्धा टक्कासुद्धा नसतं. जे काही असतं ते पानावरच्या बारीक ग्रंथींत असतं आणि उष्णता लागली की वाफेबरोबर निघून जातं. म्हणून याचं अस्सल तेल फार महाग मिळतं, आणि स्वस्तात ‘मेलिसा तेल’ म्हणून विकतात त्यात बहुतेकदा सिट्रोनेला नावाच्या गवताचं नाहीतर गवती चहाचं तेल असतं. घरी तेल काढायच्या फंदात पडू नकोस. पोतंभर पाला जाईल आणि हाती काही लागणार नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. लिंबाचा आंबटपणा लिंबाच्या रसातल्या सायट्रिक आम्लाचा असतो. या पानात वास लिंबाचा आहे, आंबटपणा जवळजवळ नाहीच. म्हणून वरणावर लिंबू पिळायच्या ऐवजी हे घालशील तर निराशा होईल. पण लिंबू जिथे कधीच चालत नाही, तिथे हे चालतं: दुधात. दूध फाटत नाही. माझ्या मते हे झाड आपल्या स्वयंपाकघरात शोभतं ते याच गुणामुळे. पुदिना म्हणून वापरलंस तर फसेल, लिंबू म्हणून वापरलंस तर फसेल. गवती चहाची नाजूक धाकटी बहीण समजून वापर.

आता घरच्या दुधाच्या चहापासूनच सुरू कर. नेहमीसारखा आल्याचा चहा उकळ, साखर-दूध सगळं घाल, आणि गॅस बंद केल्यावर दोन माणसांना चार-पाच शेंडे हाताने चुरगळून टाक. झाकण ठेव, तीन मिनिटं थांब, गाळ. गवती चहा आपण सुरुवातीला पाण्यातच उकळतो, त्याची पात चिवट असते, तिला ते सोसतं. हे पान उकळलंस तर वास घरभर होईल आणि कपात शिजलेल्या गवताची चव उरेल. वेलदोडा त्या दिवशी घालू नकोस, दोघांचे वास एकमेकांना मारतात.

दुधाच्या पदार्थांत मला सर्वांत आवडतं ते श्रीखंड. जर्मनीतली मराठी घरं क्वार्कचं, म्हणजे तिकडच्या दह्यासारख्या मऊ ताज्या चीजचं श्रीखंड करतात, तूही करत असशील. 500 ग्रॅमचा क्वार्कचा डबा पंच्यात बांधून चाळणीवर ठेव, खाली पातेलं, आणि रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी पाणी सुटून चक्का घट्ट होतो. आता खलबत्त्यात वीस-पंचवीस कोवळी पानं घे, धुऊन अगदी कोरडी केलेली, आणि त्यावर चार चमचे साखर. कुटू नकोस, बत्ता गोल फिरवत रगड. साखरेचे खडे पानाला फाडतात आणि निघेल तो सगळा अर्क स्वतःत ओढून घेतात. दोन-तीन मिनिटांत साखर ओली, पोपटी, समुद्राकाठच्या भिजल्या वाळूसारखी होते आणि असा वास सुटतो की मुलगा धावत येईल. ही साखर चक्क्यात घाल, उरलेली साखर चवीप्रमाणे, चिमूटभर मीठ, आणि पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून फेटून काढ. केशर, जायफळ काही नको. एक जपायचं: हा पाला कापल्यावर, रगडल्यावर काही तासांत काळपट पडतो. सकाळी केलंस तर दुपारच्या पंगतीला वाढ. दुसऱ्या दिवशी चव राहते, पण रंग पाहून कोणी हात लावणार नाही.

खिरीला आणि कस्टर्डला हीच साखर चालते, फक्त भांडं खाली उतरवल्यावर घालायची. आटीव दुधाची कुल्फी करत असलीस तर गरम दुधात मूठभर पानं टाकून झाकून ठेव, वीस मिनिटांनी गाळ, मग थंड कर.

आता ती चटणी. साबणासारखी लागली याचं कारण प्रमाण. पुदिन्याचा वाडगाभर पाला चटणीत सहज खपतो. पण सिट्रल आणि सिट्रोनेलाल हे साबणात, अत्तरात, फरशी पुसायच्या औषधात नेहमी वापरले जाणारे वास आहेत. ते कमी असले की जिभेला लिंबू वाटतात, जास्त झाले की साबण आठवतो. त्यात कच्ची लसूण पडली म्हणजे दोन उग्र वास एकमेकांवर चढले. आईंना पुन्हा करायला सांग, माझ्या आग्रहाखातर. कोथिंबिरीची मोठी जुडी, त्याच्या चौथ्या हिश्श्याने लेमन बाम, ओलं खोबरं (फ्रोझन चालेल), हिरवी मिरची, आलं, मीठ, साखर आणि आंबटपणाला खरं लिंबू. लसूण नाही. इडलीबरोबर आणि सँडविचला ही चटणी फार छान लागते. काकडीच्या कोशिंबिरीत चार पानं बारीक चिरून घाल, पण दाण्याचं कूट घालण्याच्या दिवशी नको. ताकाला जिरं-मीठ लावताना दोन पानं त्यातच चुरड. मासे भाजताना तुकड्यांखाली काड्यांसकट शेंडे पसर, वास माशाला लागतो आणि काड्या टाकून देता येतात. मटण, उसळी, गोडा मसाला यांच्या जवळपास नेऊ नकोस, तिथे त्याचा आवाजच ऐकू येत नाही.

भरपूर पाला एका दिवसात संपवायचा असेल तर सरबताचा पाक कर. तिकडे एल्डरफ्लावरचा, म्हणजे एल्डर नावाच्या झुडपाच्या फुलांचा पाक करतात तसाच. एक लिटर पाणी आणि एक किलो साखर उकळून गॅस बंद कर. पाक कोमट झाला की त्यात दोन मोठ्या मुठी शेंडे, दोन लिंबांच्या चकत्या (सालीवर काही फवारलेलं नाही अशी लिंबं घे) आणि 25 ग्रॅम सायट्रिक आम्ल घाल. ते तिकडे बेकिंगच्या सामानात पाकिटात मिळतं. झाकून एक रात्र आणि एक दिवस थंड जागी ठेव. फडक्यातून गाळ, पिळून घे, एकच उकळी आण आणि उकळत्या पाण्यात घोळवलेल्या बाटल्यांत गरमच भर. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये. या शेवटच्या उकळीत थोडा वास जातो हे खरं, पण बाटली टिकायची तर ती हवीच. पाहुणे आले की एक भाग पाक, सहा भाग गार पाणी किंवा सोडा, आणि वर एक ताजं पान दोन तळव्यांत टाळी वाजवून टाक. टाळीने पानातल्या ग्रंथी फुटतात आणि पान अख्खं राहतं.

तेलात मात्र ताजा पाला घालून बाटली भरून ठेवू नकोस. इंटरनेटवर अशा सुंदर बाटल्यांचे फोटो दिसतात. ओला पाला तेलाखाली हवेशिवाय पडून राहिला की त्यात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि त्याचा वास, चव, रंग काहीच कळत नाही. साखर, मध, व्हिनेगर यांत घाल, तेलात नको.

व्हिनेगरवरून आठवलं. हॅनोव्हरला पाणी कसं आहे ते तुला माहीत असेलच, पण जर्मनीत बहुतेक ठिकाणी नळावर, किटलीत, शॉवरला पांढरा क्षार साचतो. चहाला काढलेल्या पाल्याच्या उरलेल्या काड्या, जून पानं एका काचेच्या बरणीत दाबून भर, वर साधं पाच टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर ओत, दोन आठवडे ठेव, गाळ. तेवढंच पाणी मिसळून फवाऱ्याच्या बाटलीत भर. सिंक, नळ, काचा, फ्रिजची आतली बाजू, सगळं निघतं. क्षार व्हिनेगर काढतं, पाल्याचं काम एवढंच की घरात व्हिनेगरचा नाकाला झोंबणारा भपकारा राहत नाही. संगमरवराला, कुठल्याही नैसर्गिक दगडाच्या ओट्याला हे लावू नकोस, आम्ल दगड खातं आणि डाग कायमचा पडतो. घर भाड्याचं आहे म्हणून दोनदा सांगते. आणि क्लोरीनवाल्या ब्लीचबरोबर व्हिनेगर कधीही एकत्र करायचं नाही, विषारी वायू निघतो.

कांदा-लसूण चिरलेल्या लाकडी पाटावर जाडं मीठ आणि मूठभर पाला घेऊन घासलंस की पाट आणि हात दोन्हीचा वास जातो. आंघोळीच्या पाण्यात टाकायचा तर मोकळा टाकू नकोस, मोरी तुंबेल. जुन्या पंच्याच्या तुकड्यात बांधून पुरचुंडी गरम पाण्याच्या धारेखाली लटकव. आईंचे पाय दुखत असतील तर संध्याकाळी घंगाळभर कोमट पाण्यात ती पुरचुंडी आणि वीस मिनिटं बसणं. पाय बरे होतील असं मी म्हणत नाही. पण मुलगी समोर बसून पाणी बदलते आहे, लिंबाचा वास येतो आहे, एवढ्यानेही म्हाताऱ्या पायांना बरं वाटतं. कपाटात कपड्यांत ठेवायच्या पिशव्यांसाठी लव्हेंडर घे. लेमन बामचा सुकलेला पाला तिथे महिन्याभरात मुका होतो. डासांसाठी पानं हातापायाला चोळतात, पण त्यावर विसंबू नकोस. थोडा वेळ उपयोग होतो, मग डास येतातच. मुलाला तळ्याकाठी नेणार असशील तर दुकानातलं योग्य मलम लाव.

सुकवण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सुकल्यावर याचा वास निम्म्याहून अधिक जातो. तुझ्या बागेत मे ते सप्टेंबर ताजं मिळतंय तोवर सुकलेलं वापरायचं कारण नाही. हिवाळ्यासाठी मात्र बेगमी कर. फुलं यायच्या आधी, सकाळी दव उडालं की काप. पानं अख्खी ठेवून जुन्या सुती साडीवर एकेरी थरात पसर, वारा असेल पण ऊन नसेल अशा खोलीत. ओव्हन नको. हात लावल्यावर कुरकुरीत वाजली की चुरा न करता बरणीत भर आणि बरणी अंधारात ठेव. चुरायची ती कपात टाकताना. हिरवी राहिली तर जमलं, तपकिरी झाली तर त्यांना माती दाखव. किंवा सोपा रस्ता: बारीक चिरून बर्फाच्या साच्यात पाण्याबरोबर गोठव. जानेवारीत गरम पाण्यात दोन खडे टाकलेस की सुकलेल्या पाल्यापेक्षा बराच जवळचा वास येतो.

आता आईंच्या थायरॉइडचं. इथे मी सावध बोलणार आहे, आणि तूही सावध राहा. प्रयोगशाळेतल्या तपासण्यांत असं दिसलं आहे की लेमन बामचा अर्क थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाला त्याच्या जागी नीट बसू देत नाही. कपभर चहाने माणसात तेवढंच होतं असं यातून सिद्ध होत नाही. पण आईंची गोळी कमी पडणाऱ्या थायरॉइडची असेल, तर तो आणखी रोखू शकणारी वनस्पती रोज, औषधासारखी घ्यायची का, हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. ते ठरेपर्यंत रोजचा चहा नको. श्रीखंडातली, चटणीतली चार पानं हे जेवण आहे, औषध नाही, त्याला घाबरायचं कारण नाही. सकाळची गोळी नेहमीसारखी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबरच. झोपेच्या किंवा मन शांत करणाऱ्या गोळ्या कोणी घेत असेल तर त्यांनाही हेच सांगेन, कारण या पानाने थोडी गुंगी येते. तू स्वतः गरोदर असशील किंवा तसा विचार असेल, तरी रोजचा चहा डॉक्टरांना विचारूनच.

मोठ्या, निरोगी माणसाला या चहाचा उपयोग आहे आणि तो नुसता आजीबाईचा समज नाही. युरोपच्या औषध नियंत्रकांनी परंपरागत वापर म्हणून याला मान्यता दिली आहे, ती दोन कारणांसाठी: मनावरचा हलका ताण आणि त्यामुळे न येणारी झोप, आणि पोट फुगणं, गॅस होणं. तिथे दिलेलं प्रमाण 150 मिलिलिटर उकळत्या पाण्याला दीड ते साडेचार ग्रॅम सुकलेला पाला, दिवसातून एक ते तीन वेळा. नवऱ्याला रात्री दहाला ऑफिसचे मेल बघायची सवय असेल तर त्याला दे. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी औषध म्हणून तो सुचवलेला नाही, पुरेशी माहिती नसल्यामुळे. तेव्हा मुलाला चहाचे कप नकोत, सरबत आणि श्रीखंड भरपूर.

तिकडच्या दुकानात निळ्या-पांढऱ्या खोक्यात क्लोस्टरफ्राऊ मेलिसेनगाइस्ट नावाची बाटली दिसेल. मारिया क्लेमेंटिने मार्टिन या जोगिणीने 1826 साली कोलोनमध्ये त्याचा कारखाना काढला, त्याआधी पॅरिसच्या कार्मेलाइट मठातलं मेलिसाचं पाणी युरोपभर प्रसिद्ध होतं. नावावरून आई ते ‘झाडपाल्याचं औषध’ समजून घरी आणतील, म्हणून सांगून ठेवते: त्यात 79 टक्के अल्कोहोल असतं. मुलाच्या हाताला लागेल असं ठेवू नकोस. पूर्वेकडेही हे झाड जुनंच आहे. इराणात याला बादरंजबोया म्हणतात, आपल्याकडच्या युनानी हकिमांच्या यादीतही हे नाव आहे.

नवऱ्याची तक्रार खोटी नाही, हे झाड पसरतं. पण पुदिन्यासारखं जमिनीखालून धावत नाही, ते पसरतं बियांनी. तुझ्या फरश्यांच्या फटींतली रोपं गेल्या वर्षीच्या भाडेकरूने फुलं वाळू दिली म्हणून आली. तेव्हा उपाय कात्री आहे, कुदळ नाही. जूनमध्ये कळ्या दिसायला लागल्या की सगळं बेट जमिनीपासून वीतभर ठेवून सपासप काप. बघून जीव कळवळतो, पण तीन-चार आठवड्यांत पुन्हा कोवळा फुटवा येतो, आणि चहाला हा दुसरा फुटवाच चांगला. ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी, तेवढं कापून टाक. फटींतली रोपं पावसानंतर हाताने सहज निघतात. थंडीत वरचं सगळं मरेल, घाबरू नकोस, मूळ जिवंत असतं.

कापताना एक बेट मात्र सोड, कोपऱ्यातलं. फुलं अगदी बारकी, पांढरट, बघण्यासारखी काही नाहीत. पण ‘मेलिसा’ हा ग्रीक शब्द मधमाशीचा आहे. मधमाश्या आपल्या सोबतिणींना ‘इकडे या’ म्हणून जो वास सोडतात, त्यात सिट्रल आणि जेरॅनिऑल असतं, आणि तेच या पानात आहे. म्हणून जुने मधपाळ रिकाम्या पेटीला आतून हा पाला चोळायचे, मोहोळ येऊन बसावं म्हणून. जुलैत सकाळी दहाच्या सुमारास मुलाला त्या बेटापासून दोन हातांवर पाट टाकून बसव. फुलं वाळून तपकिरी व्हायला लागली की बी पडायच्या आत ते बेटही काप.

राहिलं रोप. आईंच्या बॅगेतून ते देऊ नकोस, बीसुद्धा नको. भारतात झाडं आणि बियाणं आणायला 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि निघतानाच्या देशाचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. आपल्या पिकांना नवे रोग लागू नयेत म्हणून तो नियम आहे आणि तो पाळायलाच हवा. इकडे रोपवाटिकांत आता लेमन बाम मिळतो. माझ्या पुण्याच्या गॅलरीत एक कुंडी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती हसते, एप्रिलमध्ये कडा करपतात, पावसात मुळं कुजायला बघतात. दुपारची सावली आणि निचऱ्याची माती दिली तर वर्ष काढते. साताऱ्याच्या हवेत माझ्यापेक्षा बरी वाढावी. आणि नाहीच जमलं तर आईंच्या अंगणात गवती चहा असेलच, तोच वास, शंभरपट जोमाने.

बॅगेत द्यायची ती साखर. श्रीखंडासाठी सांगितली तशीच रगड, पण पाव किलो साखरेला दोन मुठी पानं घे, आणि मिक्सरमधून थांबत-थांबत फिरव, सलग फिरवलंस तर तापते. ताटात पातळ पसरून दोन दिवस पंख्याखाली वाळव, अधूनमधून हाताने मोकळी कर. खडे झाले तर पुन्हा फिरव. चिमटीतून मिठासारखी सुटी पडायला लागल्याशिवाय झाकण लावू नकोस, नाहीतर विमानातच तिचा गोळा होईल.